इंजिनाचा श्वास आणि तेलाचा डबा: मस्टँगला ऑइल कॅच कॅन बसवताना

जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ज्यांनी चालवली आहे त्यांना ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी नळी, वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लांबचा पल्ला मारून आलं की पाइपाच्या तोंडाशी तेलाचा थेंब लोंबत असायचा आणि सकाळी फरशीवर काळा डाग दिसायचा. नंतरच्या काही बुलेटना कंपनीनेच एक छोटा डबा दिला होता. ब्रीदरमधून उडालेलं तेल त्यात साठायचं. बऱ्याच जणांनी तो काढून टाकला, कारण तो कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. स्पोर्ट्स कारवाले आज ज्याला ऑइल कॅच कॅन म्हणतात तो याच डब्याचा भाऊबंद.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि पोटापाण्याचं काम इंजिनांचंच आहे. माझ्या मावसभावाने २०१८ ची मस्टँग जीटी घेतली. ५ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४६० अश्वशक्ती. ही गाडी इथल्याच फ्लॅट रॉकच्या कारखान्यात तयार होते. महिनाभरात त्याचा फोन आला, "दादा, कॅच कॅन बसवू का? सगळे म्हणतात पॉवर वाढते." पॉवर वाढत नाही, हे मी त्याला लगेच सांगितलं. मग हा डबा करतो तरी काय, हे सांगायला मात्र एक शनिवार गेला. तेच इथे लिहितोय.

सुरुवात पिस्टनपासून करू. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये रिंगा असतात. रिंग म्हणजे अखंड कडं नव्हे. बसवता यावी आणि तापून फुगायला जागा मिळावी म्हणून तिला एका जागी चीर ठेवलेली असते, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. वर पेट्रोल पेटतं तेव्हा दाब साठ-सत्तर बारच्याही वर जातो. इतक्या दाबाला एवढी चीर पुरते. जळलेला वायू, थोडं न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या कप्प्यात, उतरते. याला ब्लो-बाय म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात तो याचाच वाढलेला प्रकार. कोऱ्या करकरीत इंजिनातही ब्लो-बाय असतोच. झिजलेल्या इंजिनात तो जास्त असतो, एवढाच फरक. आठ सिलिंडर, ७००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला २८,००० स्फोट. प्रत्येक स्फोटातून चिमूटभर वायू निसटला तरी खाली किती जमा होईल याचा अंदाज करा.

त्यातल्या पाण्याचा आकडा ऐकून माझा भाऊ चमकला होता. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून झालेलं हे पाणी. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरवाटे जातं, पण ब्लो-बायबरोबर त्याचा थोडा वाटा क्रँककेसमध्येही येतोच. हे पाणी लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

क्रँककेसमध्ये साठणाऱ्या या वायूला बाहेर पडायला वाट हवी. वाट मिळाली नाही तर आतला दाब वाढतो आणि मग तो सापडेल तिथून मार्ग काढतो: डिपस्टिक वर ढकलतो, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, गॅस्केटमधून तेल पाझरवतो, नाहीतर क्रँकशाफ्टच्या मागचं सील बाहेर काढतो. ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पूर्वी ही वाट अगदी सोपी होती. इंजिनाखाली एक उघडा पाइप सोडलेला असे आणि सगळा धूर रस्त्यावर जाई. लॉस एंजेलिसच्या आकाशात धुरकं दाटू लागलं तेव्हा कॅल्टेकमधले मूळचे डच शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात त्याचा माग थेट मोटारींच्या हायड्रोकार्बनपर्यंत काढला. कोणतंही नियंत्रण नसलेल्या गाडीच्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे पाचवा हिस्सा या क्रँककेसच्या धुरातूनच येत होता. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने यावरचा उपाय सक्तीचा केला आणि १९६३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अमेरिकी गाड्यांना तो लागू झाला. मोटारींच्या प्रदूषणावरचा अमेरिकेतला हा पहिला सक्तीचा यांत्रिक उपाय.

त्या उपायाचं नाव पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन. कल्पना साधी आहे. धूर बाहेर सोडायचा नाही, इंजिनालाच परत प्यायला द्यायचा. थ्रॉटल मिटलेला असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, जोराची ओढ असते, म्हणजे व्हॅक्यूम. त्या ओढीने क्रँककेसमधला धूर एका छोट्या व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये येतो आणि ताज्या हवेबरोबर जळून जातो. दुसऱ्या बाजूने, एअर फिल्टरनंतरच्या पाइपातून, क्रँककेसमध्ये स्वच्छ हवा शिरते. एका नाकपुडीने आत आणि दुसरीने बाहेर, असा हा श्वास सतत चालू असतो.

मस्टँगच्या या व्ही-८ मध्ये दोन टॅपेट कव्हरं आहेत, सिलिंडरांच्या दोन ओळींवरच्या दोन्ही हेडवर एकेक. अमेरिकी गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याच्या बाजूच्या कव्हरला स्वच्छ हवेचा पाइप येतो. शेजारी बसणाऱ्याच्या बाजूच्या कव्हरवर पीसीव्हीचा व्हॉल्व्ह असतो आणि तिथला पाइप मॅनिफोल्डला जातो. पहिली 'स्वच्छ' बाजू, दुसरी 'मळकी'. इथली गॅरेजवाली मंडळीही याच अर्थाचे शब्द वापरतात.

मग बिघडतं कुठे? क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेऱ्या मारतो, बेअरिंगांतून तेल फवाऱ्यासारखं उडत असतं, त्यामुळे क्रँककेसमधली हवा म्हणजे तेलाचं दाट धुकं असतं. पीसीव्ही धुराबरोबर हे धुकंही ओढून नेतो. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या कव्हरात तेल गाळायला पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे आडोसे असतात. रोजच्या चालवण्याला ते बऱ्यापैकी पुरतात, पण जोरात हाणलं की बारीक थेंब निसटतात. मॅनिफोल्डच्या आत तेलाचा ओला थर बसतो. त्यातलं काही तेल सिलिंडरमध्ये जातं, आणि तेलाची ऑक्टेन पेट्रोलपेक्षा खूप कमी असल्यामुळे मिश्रण वेळेआधी पेटण्याकडे झुकतं. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १२:१ आहे, म्हणजे मिश्रण बारा पटीने दाबलं जातं. नॉक, म्हणजे मिश्रण असं भलत्या वेळी पेटल्याचा ठोका, ऐकू येताच संगणक ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण गाडी थोडी मरगळते. कॅच कॅनने पॉवर वाढत नाही, पण असं तेल कमी गेल्याने मूळची पॉवर गळत नाही, असं म्हणणं खरं ठरेल.

दुसरा त्रास डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांचा. त्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सुटतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने कधीच धुतली जात नाही. तेलाचं धुकं तापलेल्या व्हॉल्व्हवर येऊन करपतं आणि कढईच्या बुडाला धरतो तसा काळा, खरखरीत थर धरतो. तो काढायला मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हवेच्या दाबाने मारतात. टरफल कार्बन खरवडण्याइतकं कठीण असतं, पण व्हॉल्व्हच्या लोखंडावर ओरखडा उठवण्याइतकं नसतं. २०१८ पासूनच्या मस्टँग जीटीत थेट सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या मागे (पोर्टमध्ये) पेट्रोल सोडणारी, अशी दोन्ही प्रकारची इंजेक्टरं आहेत, त्यामुळे तिला हा त्रास बेताचा. मस्टँगच्याच २०२३ पर्यंतच्या २.३ लिटर टर्बो इकोबूस्ट इंजिनात पेट्रोल फक्त थेट सिलिंडरमध्ये जातं; तिथे डब्याची गरज मला जास्त वाटते. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपणारं तेलही हा थर वाढवतं आणि त्याला कॅच कॅन काहीही करू शकत नाही. थर उशिरा धरेल, धरणारच नाही असं नाही.

आता खुद्द डबा. पोहे वाफवताना झाकण काढलं की आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतात. गॅसवरच्या चिमणीची जाळी दोन महिन्यांनी काढली तर ती चिकट पिवळ्या तेलाने भरलेली असते. कॅच कॅनमध्ये याच दोन गोष्टी होतात. धूर अरुंद पाइपातून येऊन रुंद डब्यात शिरला की त्याचा वेग पडतो आणि तो थोडा निवतो. मग त्याला जाळीतून किंवा आडोशांना वळसे घालून जावं लागतं. हवा वळते, पण तेलाचा थेंब जड असतो, त्याला तेवढ्या झटक्यात वळता येत नाही. तो जाळीच्या तारेवर आपटून तिथेच चिकटतो. थेंबाला थेंब मिळतो, मोठा होतो आणि तळाला टपकतो. वरच्या वाटेने बरीच कोरडी हवा मॅनिफोल्डला जाते.

म्हणून आत काय आहे हे पाहिल्याशिवाय डबा विकत घेऊ नका. भावाने सगळ्यात आधी ऑनलाइन एक स्वस्तातला चकचकीत डबा मागवला होता. मी तो उघडला तर आत काहीच नाही, दोन भोकं आणि रिकामी पोकळी. एका भोकातून आलेलं धुकं दुसऱ्यातून जसंच्या तसं जाणार. झाकण उघडून जाळी किंवा आडोसे बघा. आत येणारा धूर आधी जाळीतून जातो की वरच्यावर दुसऱ्या तोंडाने निघून जातो, हेही बघा.

बसवण्याच्या कामात मला पाइप सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लोक नेमकं तिथेच पैसे वाचवतात. आम्हीही तेच केलं. डब्याबरोबर आलेला पाइप दोन वीत कमी पडला. घरात हीटरच्या पाण्याचा नवा रबरी पाइप पडून होता, व्यास जुळत होता, तो लावून मोकळे झालो. दहा दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागला. कोड निघाले पी ०१७१ आणि पी ०१७४, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांना हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पाइप काढला तर टोक भिजलेल्या पावासारखं मऊ आणि फुगलेलं, क्लिपखालून बाहेर सरकलेलं. पाण्याचा पाइप बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. पाणी आणि कूलंट तो वर्षानुवर्षं सोसतो, पण तेल लागलं की फुगतो. इथे नायट्राइलसारखं तेल सोसणारं रबरच हवं, आणि भिंत इतकी जाड हवी की व्हॅक्यूमने पाइप चपटा होणार नाही. आयडलिंगला मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. पातळ पाइप वळणावर अलगद मिटतो आणि बाहेरून ते कळतही नाही.

त्या सरकलेल्या टोकातून हवा शिरली तर दिवा का लागतो, हेही समजून घ्या. इंजिनात येणारी हवा फिल्टरनंतरचा सेन्सर मोजतो आणि त्या हिशोबाने पेट्रोल सोडलं जातं. सेन्सरच्या पुढे कुठेही फट पडली की न मोजलेली हवा आत येते आणि हिशोब चुकतो. त्यामुळे कॅच कॅनचा प्रत्येक सांधा हवाबंद असायला हवा. डब्याच्या झाकणाचा ओ-रिंगही त्यात आला. तो बसवताना बोटाने तेल लावून बसवा, कोरडा पिळला तर कापला जातो.

जागा निवडताना एक्झॉस्टपासून लांब जा. तापलेल्या पाइपावर तेल ठिबकलं तर आग लागू शकते. डबा निवांत आणि थंड जागी असेल तर वाफ चांगली निवते. आम्ही तो उजव्या बाजूला ब्रॅकेटवर उभा बसवला, दोन बोल्ट. मळक्या बाजूच्या कव्हरपासून डब्याच्या 'आत'पर्यंत एक पाइप, डब्याच्या 'बाहेर'पासून मॅनिफोल्डपर्यंत दुसरा. फोर्डच्या जोडण्या चापाने बसणाऱ्या आहेत. खट् आवाज येईपर्यंत दाबा आणि मग ओढून बघा. पाइप ताणून लावू नका. व्ही-८ ला रेस दिली की इंजिन माउंटिंगवर डोलतं, आणि डबा बॉडीला असला तर तो डोलत नाही. तेवढी ढील पाइपात ठेवा. उलट इतकी ढीलही नको की पाइप मध्येच झोळीसारखा लोंबेल. त्या झोळीत तेल-पाणी साचून बसतं.

सगळं जोडल्यावर गाडी चालू करून हातमोज्याची परीक्षा घ्या. स्वयंपाकघरातला पातळ रबरी मोजा चालेल. आयडलिंगला तेल भरायचं झाकण काढा आणि मोजा त्या तोंडावर ताणून धरा. मोज्याची बोटं हळूच आत ओढली गेली तर श्वास नीट चालू आहे. बोटं फुगून बाहेर आली तर कुठेतरी वाट अडली आहे, किंवा पाइप उलटसुलट लागलेत, किंवा रिंगाच गेल्या आहेत. आमच्या पहिल्या जोडणीत मोजा आत गेला होता आणि म्हणून आम्ही निर्धास्त झालो. त्या दिवशी पाइप नवा होता. ही परीक्षा पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायची, हे मी त्यातून शिकलो.

रेस ट्रॅकवर मात्र एक डबा पुरत नाही. पूर्ण थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डमधली ओढ जवळजवळ संपते आणि ब्लो-बाय तर सगळ्यात जास्त असतो. मग वायू दोन्ही बाजूंनी बाहेर पडायला बघतो. ज्या पाइपातून स्वच्छ हवा आत यायची त्यातूनही धूर उलटा वर चढतो. त्यात लांब उजवं वळण आलं की तेल डाव्या हेडकडे फेकलं जातं, आणि स्वच्छ बाजू नेमकी तीच. साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर गाडी न्यायची भावाची इच्छा होती, म्हणून डाव्या बाजूलाही छोटा डबा लावला. टर्बो गाडीत याच्या पुढचा प्रश्न येतो: बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा, मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो, म्हणून तिथे एकतर्फी व्हॉल्व्ह लागतात, नाहीतर तो दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरेल. शर्यतीत जिथे ब्रीदर उघडा ठेवलेला असतो तिथे एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा नियम डब्याची मापंच देतो: २००० सीसीपर्यंतच्या इंजिनाला २ लिटर, त्यावर ३ लिटर, आणि आतलं तेल बाहेरून दिसलं पाहिजे.

रस्त्यावरच्या गाडीला उघडा ब्रीदर लावू नका. काही जण डब्यावर छोटा फिल्टर बसवून धूर हवेत सोडतात, मॅनिफोल्डचं तोंड बुजवून टाकतात. यात दोन नुकसानं आहेत. ओढ गेल्याने क्रँककेसमधली वाफ आणि पेट्रोल बाहेर पडत नाही, ते तेलातच मुरतं. आणि हागेन-स्मिट यांनी ज्याचा माग काढला तोच धूर पुन्हा मोकळा सुटतो. हे अमेरिकेत बेकायदा आहे आणि भारतातही. भारत स्टेज नियमांत क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला परवानगी नाही. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या फेरफारांना मर्यादा घालतं, हेही पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावं. बंद वाटेचा डबा लावतानाही मूळ पाइप जपून ठेवा, म्हणजे पुन्हा होतं तसं करता येईल.

आता ते पाणी. भाऊ घरापासून दहा किलोमीटरवर कामाला जातो. जानेवारीत सकाळी उणे दहा, कधी उणे पंधरा. एवढ्याशा अंतरात तेल तापतच नाही, त्यामुळे आतलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही तळाची चावी उघडली तेव्हा बरणीत जे उतरलं ते तेलासारखं दिसतच नव्हतं. दुधाच्या कॉफीसारखा रंग, लस्सीसारखी घट्ट धार, आणि नाकात जाणारा पेट्रोलचा वास. भाऊ घाबरला, त्याला वाटलं हेड गॅस्केट गेलं आणि कूलंट तेलात शिरलं. कूलंटची पातळी जशीच्या तशी होती, डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ होतं. ही साय फक्त वाफ, तेल आणि पेट्रोल घुसळून झालेली. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत थोडं थोडं चालवल्या जाणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली पांढरट लोणी धरतं, ते याच जातीचं.

धोका असा की हे मिश्रण गोठतं. डबा थंड जागी लावावा असं मी वर म्हटलं, पण कडाक्याच्या थंडीत तीच जागा वैरी होते. बर्फाने तोंड बुजलं की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि मग त्या मागच्या सीलची पाळी. म्हणून इथे डिसेंबर ते मार्च दर आठवड्याला डबा रिकामा करायचा, किंवा हिवाळ्यापुरता काढून मूळ पाइप लावायचा. ज्याला आठवड्याला बॉनेट उघडायचा कंटाळा आहे त्याने डबा लावूच नये असं मी स्पष्ट सांगतो. भरलेला डबा नसलेल्या डब्यापेक्षा वाईट, कारण वळणावर साचलेलं सगळं एकदम मॅनिफोल्डमध्ये ओढलं जाऊ शकतं. निघालेला माल परत इंजिनात ओतायचा नाही, गटारातही नाही. वापरलेलं तेल जिथे घेतात तिथे द्यायचा, आणि त्यात पाणी आहे हे सांगून द्यायचा.

साधी, पोर्ट इंजेक्शनची, टर्बो नसलेली गाडी असेल आणि ती शहरातच फिरत असेल तर मी हा खर्च करायला सांगणार नाही. तेल वेळेवर बदला, पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदलाय का बघा, तेवढं पुरे. इंजिन रिंगांना गेलं असेल तर डबा तो रोग बरा करत नाही, पण दाखवतो मात्र लवकर. यासाठी मी भावाला एक वही केली. प्रत्येक वेळी किती मिलिलिटर निघालं, रंग काय, वास कशाचा, आणि मधल्या काळात गाडी किती चालली. नुसत्या मिलिलिटरला अर्थ नसतो. हजार मैलांना एवढं, असा हिशोब लागला की तीन-चार नोंदींत गाडीची सवय कळते आणि पुढे आकडा अचानक दुप्पट झाला तर कॉम्प्रेशन तपासायचं.

परवा त्याने बरणीचा फोटो पाठवला. तळाशी बोटभर तपकिरी तेल, पाण्याचा थर नाही, एप्रिल लागल्याची ती खूण. खाली लिहिलं होतं, "दादा, २० मिली." मी विचारलं, "किती मैलांत?" पाच मिनिटांनी वहीच्या पानाचा फोटो आला.